मोहरीची उशी

तेवीस वर्षांत मी एकशे चौदा पाळणे नापास केले. पास किती केले ते मोजलेलं नाही, कारण पास झालेल्यांची आठवण कुणी काढत नाही. साताऱ्याबाहेर, औद्योगिक वसाहतीच्या टोकाला आमचं शिशुसाहित्य तपासणी केंद्र आहे. तान्ह्या बाळासाठी जे जे म्हणून विकायला निघतं, पाळणे, झोळ्या, झोपाळे, बाबागाड्या, ते सगळं आधी आमच्या दारातून जातं. पाळण्यांच्या कागदावर शेवटची सही माझी, रूपाली फडतरेची. कारखानदार मला पाठीमागे खडूस बाई म्हणतात. ते माझ्या कानावर येतं आणि मला आवडतंही.

माझी खरी सहकारी म्हणजे ठकी. ठकी ही आमची तपासणीची बाहुली, सात आठवड्यांच्या बाळाएवढी आणि तेवढ्याच वजनाची. तिला मऊ श्वासनळी आहे, फुगणारी छाती आहे आणि मेंदूच्या जागी एक छोटा संगणक आहे. हवा कमी पडली की खरं बाळ जे जे करील ते ती करते. तिच्याकडे पाहून नव्या मुली आधी हसतात. मग मी तिला उताराच्या झोपाळ्यात ठेवून दाखवते आणि त्यांचं हसू थांबतं.

तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार जड असतं, मान लुळी असते आणि श्वासनळी आपल्या करंगळीपेक्षा बारीक आणि मऊ. बाळ सपाट जागी उताणं झोपलं की ती नळी सरळ राहते. पाठीला उतार मिळाला किंवा डोकं पुढे कललं की हनुवटी छातीला टेकते आणि नळी दुमडते, ओल्या कागदाची नळी दुमडावी तशी. बाहेरून काही कळत नाही. बाळ शांत झोपलंय असंच वाटतं. म्हणून दहा अंशांहून जास्त उतार असलेला एकही झोपाळा माझ्या हातून सुटला नाही, मग तो कितीही गोंडस असो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे 'नीज' आला. दिसायला साधा लाकडी पाळणा, गादी कडक आणि अगदी सपाट. करामत कठड्यात होती. तिथं बसवलेलं रडार बाळाला स्पर्शही न करता त्याच्या छातीची हालचाल, हृदयाचे ठोके, बोटांची चुळबुळ टिपायचं. बाळ जागं होणार हे त्याला चाळीस सेकंद आधी कळायचं. मग पाळणा त्याच बाळाच्या तालात हळूहळू हलायचा आणि बाळ जागं व्हायच्या आतच पुन्हा झोपी जायचं. कठड्यावर हिरवा दिवा, म्हणजे श्वास ठीक, झोप गाढ. अकरा आठवडे मी आणि माझी सहकारी शबाना मुल्ला त्याच्या मागे लागलो होतो. ठकीला आम्ही त्यात शेकडो तास झोपवलं. एकदाही तिचा श्वास अडला नाही. मी सही केली. माझा जावई अथर्व त्या कंपनीत, नीजच्या झुलण्याचं गणित सांभाळायला लागला तो त्यानंतर आठ महिन्यांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना फाटे फोडायला आवडतं.

माझी मुलगी तनिष्का बाळंतपणाला माझ्याकडे आली. मुलगी झाली. हल्ली पुन्हा जुनी नावं आली आहेत, त्यामुळे माझ्या पणजीचं नाव गोदावरी आणि नातीचंही गोदावरी. घरात सगळे गोदा म्हणायला लागलो. गोदाने पहिल्या तीन आठवड्यांत आमच्या नाकी नऊ आणले. तनिष्काला टाके पडले होते, ताप येऊन गेला होता, आणि ही बया दर वीस मिनिटांनी उठायची. एकदा तनिष्का भाताचा घास हातात धरून बसल्याबसल्या झोपली. मी तिच्या हातातून तो घास काढून घेतला आणि मला रडू आलं.

चौथ्या आठवड्यात अथर्व तीन महिन्यांची पितृत्वरजा घेऊन आला आणि येताना नीज घेऊन आला. त्या दिवसापासून घराचं रूपच पालटलं. गोदा सलग चार-चार तास झोपायला लागली. तनिष्काच्या तोंडावर रंग आला. ती केस विंचरायला लागली, माझ्या डिंकाच्या लाडवांना नावं ठेवायला लागली. मी मनातल्या मनात स्वतःच्या सहीला शाबासकी दिली.

गोदा सात आठवड्यांची झाली तेव्हा विहीणबाई कऱ्हाडहून बघायला आल्या. उज्ज्वलाताई माणूस चांगल्या, पण बोलताना कुणाची भीड ठेवत नाहीत. त्यांनी गोदाला मांडीवर घेतलं, डोक्यामागून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अहो, पोरीचं डोकं बघितलं का? मागनं पार पाटासारखं झालंय की."

"होतं नीट पुढे," मी म्हटलं.

"आमच्या अथर्वचं कसं नारळासारखं गोल होतं. मोहरीची उशी नाही केली व्हय तुम्ही?"

"उशीबिशी काही नको हं," तनिष्का मध्येच म्हणाली. "आईच सगळ्या जगाला सांगत असते, पाळण्यात बाळाशिवाय काही नको म्हणून."

"सांगतेच मुळी," मी म्हटलं, आणि विषय संपला.

पण माझ्या डोक्यातून तो जाईना. गोदाचं डोकं खरंच मागून चपटं झालं होतं. नीजमध्ये ती उठत नव्हती, म्हणून हलत नव्हती, तासन्‌तास एकाच जागी डोकं टेकून पडलेली असायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे मऊ जुन्या कापडाची छोटी उशी शिवून तिच्यात मोहरी भरतात. मोहरी डोक्याच्या आकाराप्रमाणे सरकते आणि डोकं गोल होतं अशी समजूत आहे. माझं डोकं तशाच उशीवर गोल झालं म्हणतात, तनिष्काचंही. विहिणीपुढे कमीपणा आला होता, तो माझ्या मनाला लागला होता. आणि खरं सांगायचं तर, नातीचं डोकं सुंदर असावं असं मला फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तनिष्काच्या नकळत उशी शिवली. धुऊन धुऊन तलम झालेल्या मलमलीची, बोटभर उंचीची, निवडून पाखडून घेतलेल्या मोहरीची. ती मी गादीवरच्या चादरीखाली सरकवली, म्हणजे वरून दिसायची नाही. एकशे चौदा पाळणे नापास करणाऱ्या बाईने मनाशी म्हटलं, एवढ्याशा उशीने काय होतंय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी दुपारी तनिष्का आतल्या खोलीत झोपली होती, अथर्व गॅलरीत लंगोट वाळत घालत होता. मी स्वयंपाकघरात खोबरं किसत होते. पाळण्याच्या खोलीतून नीजच्या मोटारीची बारीक घरघर येत होती. ती घरघर दोन-तीन मिनिटांत थांबते, हे मला झोपेतही सांगता येईल. ती थांबत नव्हती. किंचित थांबे आणि पुन्हा सुरू होई. मी किसणी ठेवली आणि आत गेले.

हिरवा दिवा लागलेला होता. पाळणा हळुवार हलत होता. गोदाची हनुवटी छातीला टेकलेली होती. तिची छाती वरखाली होत होती, नेहमीपेक्षा जोरात, पण नाकाशी बोट नेलं तर बोटाला वारा लागेना. ओठ जांभळट झालेले. मी तिला उचलून आडवी धरली, मान सरळ केली. क्षणभर काहीच झालं नाही. तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग तिने मोठा आचका देऊन श्वास आत घेतला आणि टाहो फोडला.

अथर्व धावत आला, तनिष्का आली. मी ओरडून गाडी काढायला सांगितलं. ती दोघं चपला शोधत होती तेव्हा मी डाव्या हाताने चादरीखालची उशी ओढून काढली आणि ओढणीत गुंडाळून कपाटात टाकली. हे मी घाबरून केलं नाही असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. घाबरूनच केलं.

डॉक्टरांनी गोदाला दोन दिवस ठेवून घेतलं, सगळं तपासलं आणि मुलगी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. आम्ही घरी आलो, पण घर पहिल्यासारखं राहिलं नाही. नीज गॅलरीत उलटा पडला होता. तनिष्का अथर्वशी बोलत नव्हती, आणि बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुझ्या कंपनीचा पाळणा. तुझ्या." तो त्या दुपारची नोंद पडद्यावर लावून बसला होता. नोंदीत सगळं हिरवं होतं. कंपनीने त्याला कळवलं होतं की यंत्रात दोष नाही, प्रमाणपत्र स्वच्छ आहे, घरच्यांनी काही वेगळं केलं का ते बघावं. तो जेवणात मीठ आहे की नाही हेही सांगू शकला नसता, असा जेवत होता.

आणि तनिष्का गोदाला कुणाकडेच देत नव्हती, एक मी सोडून. आंघोळीला जाताना ती माझ्या हातात बाळ द्यायची आणि म्हणायची, "आता फक्त तुझ्यावर विश्वास आहे, आई." दर वेळी म्हणायची. मी गोदाला घट्ट धरायचे.

तिसऱ्या दिवशी मी नीज गाडीत घातला आणि केंद्रात नेला. पर्समध्ये उशी होती. शबानाला म्हटलं, ठकीला काढ.

आधी आम्ही ठकीला नुसत्या सपाट पाळण्यात ठेवलं. पाळणा पास, जसा दोन वर्षांपूर्वी झाला होता. मग मी उशी काढून चादरीखाली घातली. शबानाने उशीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. नीजची मोटार बंद ठेवून आम्ही ठकीला उशीवर झोपवलं. सहा मिनिटांनी तिची हनुवटी कलली, नळी अर्धी दुमडली. हवा कमी पडताच ठकी जागी झाली, मान एका बाजूला वळवली, रडली. नळी मोकळी झाली. म्हणजे उशी वाईट होती, पण बाळाने स्वतःला सोडवलं होतं.

"आता मोटार चालू कर," मी म्हटलं.

ठकीची हनुवटी कलली. हवा कमी पडली. ती जागी व्हायला लागली आणि ते नीजला चाळीस सेकंद आधी कळलं. पाळणा झुलला. ठकी पुन्हा झोपली, मान होती तशीच राहिली. थोड्या वेळाने ती पुन्हा उठायला गेली, पाळण्याने तिला पुन्हा निजवलं. हवेवाचून मेंदू सुस्त होत जातो, त्यामुळे दर वेळी तिची धडपड आधीपेक्षा कमी होत होती. छाती मात्र बंद नळीच्या विरुद्ध जोर लावून वरखाली होत होती, आणि रडारला छातीच दिसते, नाकातला वारा दिसत नाही. म्हणून दिवा हिरवा. शबाना कागदावर रेघा ओढत होती. बारा रेघा झाल्या. तेराव्या वेळी ठकी उठलीच नाही.

बाळ झोपेत दहादा अर्धवट जागं होतं, कुरकुरतं, आपण त्याला खोड म्हणतो. ती खोड नसते. तो त्याचा पहारा असतो. नीजने तो पहारा उठवला होता, आणि सपाट गादीवर त्याची गरज पडत नव्हती म्हणून आम्हाला ते दिसलं नव्हतं. आम्ही कधी पाळण्यात उशी ठेवून पाहिलीच नाही, कारण उशी ठेवू नये असा नियम मीच लिहिला होता.

शबानाने अहवालाचा फॉर्म उघडला. दोष, कारण, परिणाम, सगळं भरलं. एक रकाना राहिला. बाहेरची वस्तू पाळण्यात कशी आली.

"मॅडम, 'घरगुती वापरात आढळते' एवढं लिहू का?" ती म्हणाली. "खोटं नाही ते. माझ्या नणंदेनेही ठेवली होती."

खोटं नव्हतं. अर्धं होतं. पाळणा त्या तीन शब्दांवरही परत मागवला गेला असता कदाचित. अथर्ववरचा दोष यंत्रावर गेला असता, माझ्यावर काहीच आलं नसतं, आणि तनिष्काने रोज आंघोळीला जाताना गोदाला माझ्या हातात दिलं असतं. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी दोन मिनिटं खरंच विचार केला. पण कंपनी काय म्हणेल तेही मला पाठ होतं. शहाणा माणूस असं करणार नाही, वापरणाऱ्याची चूक, पुस्तिका वाचा. तेवीस वर्षं मी हेच ऐकत आले होते. त्याला एकच उत्तर होतं आणि ते माझ्या पर्समधून आलं होतं.

"माझं नाव लिही," मी म्हटलं. "हुद्द्यासकट. पण उद्या पाठव. आज मला घरी सांगायचंय."

घरी तनिष्का गोदाला पाजत होती, अथर्व शेजारी खुर्चीत होता. मी उशी दोघांच्या मधल्या टीपॉयवर ठेवली आणि सांगितलं, कधी शिवली, कुठे ठेवली, कधी काढून लपवली. काहीही गाळलं नाही.

तनिष्काने गोदाच्या तोंडाकडे पाहत विचारलं, "तुला माहीत होतं ना, काय होऊ शकतं ते?"

"होतं."

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

"आणि चार दिवस मी याच्याशी बोलत नव्हते ते तू बघत होतीस."

ती उठली, गोदाला खांद्यावर टाकलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

अथर्व उशी हातात घेऊन बघत होता. "म्हणजे माझ्या गणितात चूक नव्हती, आई?"

"होती," मी म्हटलं. मी कितीही खजील असले तरी चुकीला चूकच म्हणते. "आज तपासणीत ठकी बारा वेळा उठायला बघत होती, जावईबापू. तुमच्या यंत्राला ते बाराही वेळा कळलं. आणि बाराही वेळा त्याने तिला निजवलं. तिला काय हवंय हे त्याने एकदा तरी कुणाला विचारायला हवं होतं."

त्या संध्याकाळी त्याने पडद्यावरची हिरवी नोंद बंद केली आणि नवी फाइल उघडली.

सुनावणीत कंपनीचे वकील अपेक्षेप्रमाणेच बोलले. सूचनापुस्तिकेच्या पहिल्याच पानावर उशी ठेवू नका असं ठळक छापलेलं आहे, असं म्हणाले. मी म्हटलं, ते वाक्य मीच लिहून दिलंय. ज्या बाईने ते लिहिलं तिनेच नातीच्या डोक्याखाली उशी ठेवली. मग ज्यांनी ते पान कधी उघडलंच नाही अशा हजारो आज्या काय करतील, ते तुम्हीच सांगा. नीज बाजारातून परत मागवला गेला. केंद्राने माझी बढती रोखली आणि लेखी ताकीद दिली. ती मी फ्रेम केली नाही, पण फाडलीही नाही.

चार महिन्यांनी नवा नीज आला. त्यात अथर्वची नवी अट होती. बाळ पहिल्यांदा चुळबुळलं तर पाळणा हलतो. दहा मिनिटांत पुन्हा चुळबुळलं तर पाळणा थांबतो आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या मनगटावर घंटी वाजते. या बाळाला आता माणूस हवंय, एवढाच तिचा अर्थ. कंपनीचे लोक कुरकुरले. मुलं रडणार असतील तर हा पाळणा घेईल कोण, असं त्यांनी विचारलं. आम्ही ठकीला त्यात सगळ्या प्रकारच्या उशांवर झोपवलं, मोहरीच्या, कापसाच्या, गोधडीच्या घडीच्या. या वेळी शबानाने आधी सही केली, मग मी.

गोदाचं डोकंही हळूहळू गोल झालं. ती जागी असताना तिला पालथं घालून खेळवायचं, एवढाच उपाय डॉक्टरांनी सांगितला होता. उज्ज्वलाताईंनी त्याचं श्रेय आपल्या मालिशच्या तेलाला दिलं आणि मी वाद घातला नाही.

तनिष्काने मात्र एवढे सगळे महिने गोदाला मला झोपवू दिलं नाही. मांडीवर द्यायची, आंघोळ घालू द्यायची, फिरवू द्यायची. झोपेची वेळ झाली की येऊन उचलून घ्यायची. ती कामावर जायला लागली होती. अथर्व त्या आठवड्यात पुण्याला गेला होता. एका दुपारी ती घरी आली तेव्हा डोळे लाल झालेले, अंग मोडून आलेलं. गोदा माझ्या मांडीवर पेंगत होती. तनिष्का दारात उभी राहिली.

"तू निजव तिला," ती म्हणाली.

मी गोदाला नव्या पाळण्यात ठेवलं. सपाट, उताणी. दुपटं घेतलं नाही, खुळखुळा बाजूला काढला. तनिष्का पुढे आली. तिने चादरीची कड उचलली आणि खाली हात घालून गादीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, सावकाश, माझ्यादेखत. मग हात बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं.

"पायथ्याशीही बघ," मी म्हटलं.

तिने पायथ्याशीही पाहिलं. मग ती शेजारच्या पलंगावर पाळण्याकडे पाठ करून आडवी झाली आणि पाच मिनिटांत तिला गाढ झोप लागली.